फ्ल्यूममध्ये लाटेची उंची टिकत नाही: स्ट्रोकला हात लावण्याआधी काय तपासायचं

प्रयोगशाळेत लाटा उठवण्याच्या लांब अरुंद टाकीबद्दल, म्हणजे फ्ल्यूमबद्दल, तक्रार बहुतेक वेळा अशी असते. लाटा उठवणारं पॅडल सुरू केलं, पहिल्या आठ-दहा लाटा हव्या तितक्या उंच आल्या आणि मग उंची चढू किंवा उतरू लागली. लाटेची उंची मोजणारा प्रोब अर्धा मीटर पुढे सरकवला तर आकडा वेगळाच. स्ट्रोक, म्हणजे पॅडलच्या हालचालीची लांबी, कमी-जास्त करून कसंबसं जमवलं, पण दोन दिवसांनी त्याच सेटिंगवर पुन्हा फरक. मग रोज क्रँकचा, म्हणजे पॅडल हलवणाऱ्या फिरत्या दांड्याचा, बोल्ट सैल करून घट्ट करण्याचा उद्योग सुरू होतो.

या तक्रारीत स्ट्रोक क्वचितच दोषी असतो. उंची नेमकी कितव्या सेकंदाला बदलली आणि फ्ल्यूममध्ये कुठे बदलली, एवढं कळलं की दोष कुठल्या भागात आहे ते जवळजवळ ठरतं. बोल्टला पाना त्यानंतर लावावा.

पुढचे सगळे आकडे एकाच उदाहरणाचे आहेत: फ्ल्यूम २० मीटर लांब आणि ६० सेंमी रुंद, पाणी ४० सेंमी, पिस्टन पद्धतीचं म्हणजे उभंच्या उभं पुढेमागे सरकणारं पॅडल, लाटेचा काळ १.२ सेकंद, हवी असलेली उंची ६ सेंमी. दुसऱ्या टोकाला लाटा जिरवण्यासाठी १:८ चा उतार आहे. त्याचा पायथा पॅडलपासून १६ मीटरवर आणि पाण्याची कड १९.२ मीटरवर. तुमची मापं वेगळी असतील तर खालच्या सूत्रांत ती घालून आकडे पुन्हा काढा.

आधी कागदावर: किती उंची यायला हवी?

तरंगसंख्या गुणिले पाण्याची खोली, या गुणाकाराला 'क' म्हणू. तरंगसंख्या म्हणजे ६.२८३२ भागिले तरंगलांबी. खोली मीटरमध्ये आणि काळ सेकंदात घेतला तर

क × टॅन्ह क = ४.०२४ × खोली ÷ काळाचा वर्ग

टॅन्ह आणि पुढे येणारे कॉश, साइन्ह ही हायपरबोलिक फलनं आहेत, वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर मिळतात. आपल्या उदाहरणात उजवी बाजू १.११८ येते. क चे दोन-तीन अंदाज घालून पाहिले की क = १.२९८ मिळतो. त्यावरून तरंगलांबी १.९४ मीटर आणि शिखराचा वेग सेकंदाला १.६१ मीटर. पण लाटांचा ताफा, म्हणजे ऊर्जा, या वेगाने जात नाही. ती सेकंदाला १.१२ मीटरने जाते. पुढची सगळी वेळेची गणितं या दुसऱ्या वेगावर चालतात. इथे शिखराचा वेग धरला तर निदान हमखास चुकतं.

पिस्टन पॅडलसाठी

उंची ÷ स्ट्रोक = २ (कॉश २क − १) ÷ (साइन्ह २क + २क)

इथे स्ट्रोक म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची पूर्ण हालचाल. क्रँकच्या त्रिज्येची ती दुप्पट असते. आपल्या उदाहरणात गुणोत्तर १.२४ येतं, म्हणजे ६ सेंमी लाटेला ४.८४ सेंमी स्ट्रोक पुरतो. तळाशी बिजागरी असलेल्या फ्लॅप पॅडलला याच परिस्थितीत गुणोत्तर फक्त ०.६९ मिळतं आणि स्ट्रोक ८.६ सेंमी लागतो, कारण तळाजवळचं पाणी तो जवळपास ढकलतच नाही. फ्लॅपच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. सूत्रातला स्ट्रोक पाण्याच्या पातळीवरचा असतो, दांडा जोडलेल्या जागेचा नसतो. दांडा तळापासून ७० सेंमीवर आणि पाणी ४० सेंमी असेल तर दांड्याच्या हालचालीला ४०/७० ने गुणावं.

हा सिद्धांत हॅवलॉक यांनी १९२९ मध्ये मांडला. उर्सेल, डीन आणि यू यांनी १९६० मध्ये पिस्टन पॅडलवर तो काळजीपूर्वक तपासला. कमी चढाच्या, म्हणजे लांबीच्या मानाने कमी उंच, लाटांत मोजलेली उंची सूत्रापेक्षा सरासरी ३.४ टक्के कमी आली, जास्त चढाच्या लाटांत सुमारे १० टक्के. म्हणून ६ च्या जागी ५.८ सेंमी मिळत असेल तर तुमच्या यंत्रात काहीही बिघडलेलं नाही. ५.२ मिळत असेल तर पुढे वाचा.

घड्याळ लावा

प्रोब पॅडलपासून ८ मीटरवर ठेवा. पाणी पूर्ण स्थिर झाल्यावर पॅडल सुरू करा आणि पहिल्या क्षणापासून किमान ९० सेकंद नोंद घ्या. नोंदीत असं दिसायला हवं:

- सुमारे ७ सेकंदांना ताफ्याचं तोंड पोचतं. पहिल्या दोन-तीन लाटा लहान-मोठ्या असतात, त्या सोडून द्या.
- साधारण १२ ते २७ सेकंदांत शुद्ध पुढे जाणाऱ्या लाटा मिळतात, म्हणजे बारा-तेरा लाटा.
- २७ सेकंदांच्या आसपास उतारावरून परतलेल्या लाटा प्रोबपाशी येतात.
- आणखी १४ सेकंदांनी, म्हणजे ४१ च्या सुमारास, त्याच परतलेल्या लाटा पॅडलवर आपटून पुन्हा पुढे निघालेल्या असतात.

आता उंची केव्हा बिघडते ते पाहा. २७ पर्यंत सरळ आणि मग बदल, तर दोष उताराचा. ४१ नंतर दुसरी पायरी दिसली तर पॅडलवरच्या परावर्तनाचा. १२ ते २७ च्या मधेच उंची डुलत असेल तर दोष यंत्रणेचा, पॅडलच्या चौकटीचा किंवा आडव्या लाटांचा. या काळात उंची अगदी स्थिर आहे पण आकडाच चुकीचा आहे, असं असेल तर आधी प्रोबवर संशय घ्या, मग गळतीवर. फ्ल्यूम ८-१० मीटरचाच असेल तर शुद्ध लाटांची ही खिडकी दोन-चार लाटांवर येते. तिथे उताराची काळजी कितीतरी जास्त घ्यावी लागते.

प्रोब

दोन समांतर तारांचा रोधी प्रोब पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, आणि वाहकता दर अंश सेल्सिअसला सुमारे २ टक्क्यांनी बदलते. सकाळी कॅलिब्रेशन केलं, म्हणजे प्रोबचा आकडा माहीत असलेल्या पातळीशी जुळवला, आणि दुपारपर्यंत पाणी ४ अंशांनी तापलं, तर उंची ८ टक्के जास्त दिसेल. लाट मात्र तेवढीच असते.

कॅलिब्रेशन स्थिर पाण्यात, प्रोब वरखाली सरकवून करावं: ०, +२, +४, +६ आणि −२, −४, −६ सेंमी. सातही बिंदू सरळ रेषेवर यायला हवेत. रेषा टोकांना वाकत असेल तर तारांवर तेलकट थर आहे किंवा तार ढिली झाली आहे. तारा स्पिरिटने पुसा, बोटांनी हाताळू नका. हेच माप चाचणी संपल्यावर पुन्हा घ्या. दोन्ही वेळच्या कॅलिब्रेशन रेषांच्या चढांत २ टक्क्यांहून जास्त फरक आला तर ती चाचणी बाद धरावी. पाण्याचं तापमानही दोन्ही वेळा लिहून ठेवा. जवळजवळ ठेवलेले प्रोब एकमेकांत मिसळतात का, हेही पाहायला हवं. एक प्रोब वरखाली करताना दुसऱ्याचा आकडा हलला तर दोघांना दिलेल्या विद्युतप्रवाहाची वारंवारता वेगळी ठेवावी लागते.

पॅडलच्या फार जवळ मोजू नका. पॅडलची हालचाल आणि लाटेची खरी हालचाल तळापासून वरपर्यंत जुळत नाही. हा न जुळणारा भाग पॅडलशेजारीच डुचमळत राहतो आणि खोलीच्या तिप्पट अंतरात एक टक्क्याच्या खाली येतो. आपल्या उदाहरणात हे अंतर १.२ मीटर.

उतार: खरा गुन्हेगार बहुधा हाच

सरकत्या प्रोबने एकाच तरंगलांबीच्या पट्ट्यात, दर १० सेंमीला उंची मोजा. परावर्तन असेल तर उंची दर ४८ सेंमीला कमाल-किमान अशी बदलेल, कारण कमाल आणि किमान यांतलं अंतर पाव तरंगलांबी असतं. (कमाल − किमान) ÷ (कमाल + किमान) म्हणजे परावर्तन गुणांक. एका जागी ६.६ आणि अर्ध्या मीटरवर ५.४ सेंमी दिसले तर गुणांक ०.१. 'प्रोब हलवला की आकडा बदलतो' या तक्रारीचं मूळ इथे आहे.

अनियमित लाटांसाठी एका प्रोबने भागत नाही. गोडा आणि सुझुकी यांची १९७६ ची दोन प्रोबांची पद्धत काही वारंवारतांवर निकामी होते, म्हणून मॅन्सार्ड आणि फुंके यांची १९८० ची तीन प्रोबांची पद्धत वापरावी. पहिल्या दोघांत तरंगलांबीचा दहावा भाग, पहिल्या-तिसऱ्यात सहाव्या ते तिसऱ्या भागाच्या मधलं अंतर, पण पाचवा भाग आणि तीन-दशांश हे दोन्ही टाळून. आपल्याकडे १९ सेंमी आणि ४८ सेंमी चालतं.

उतार १:८, गुळगुळीत आणि लाट ६ सेंमी असेल तर बॅटजेस यांच्या सूत्राने गुणांक सुमारे ०.०६ येतो. त्याच उतारावर लाट २ सेंमी केली तर तो ०.१७ च्या वर जातो! लहान लाट तितकीशी फुटत नाही, तिचा जास्त भाग उतारावर चढून परत येतो. 'आधी लहान लाटांवर सगळं बसवून घेऊ, मग मोठ्या करू' हा विचार म्हणूनच फसतो. १:५ चा उतार असेल तर ६ सेंमीलाही ०.१५ येतो.

यावर उपाय:

- उतार १:१० किंवा त्याहून सौम्य करा. जागा नसेल तर निदान पाण्याच्या कडेच्या खालीवर १०-१५ सेंमीचा पट्टा सौम्य ठेवा. ऊर्जा तिथेच जिरते.
- उतारावर सच्छिद्र थर घाला: प्लास्टिकच्या जाड जाळीच्या गुंडाळ्या किंवा खडी भरलेले जाळीचे कप्पे. काथ्याच्या चटया ऊर्जा चांगली जिरवतात आणि स्वस्तात मिळतात, पण पाण्यात रंग सोडतात आणि कुजतात. रोधी प्रोब वापरत असाल तर त्या टाळाव्यात.
- थर घट्ट बांधा. लाटेबरोबर हलणारी चटई स्वतःच छोट्या लाटा काढते.
- उताराची फळी आणि फ्ल्यूमचा तळ यांतली फट बंद करा. उताराखाली अडकलेलं पाणी मागून डुचमळत राहतं.

पॅडलवर आपटून परत

परतलेल्या लाटेला पॅडल भिंतीसारखं असतं, ते हलत असलं तरी. गुणांक ०.१ असेल तर फेऱ्यांमागून फेऱ्या होऊन पुढे जाणारी लाट मूळच्या ०.९१ पट ते १.११ पट यांत कुठेही स्थिरावू शकते. म्हणजे ६ सेंमीची जागा ५.५ किंवा ६.७ घेते. कुठे थांबेल ते परतणाऱ्या लाटेच्या कलेवर, म्हणजे ती पॅडलपाशी शिखर घेऊन येते की खळगा यावर, ठरतं.

'परवा बरोबर होतं, आज नाही' याचं उत्तर या कलेत आहे. पॅडल ते कड आणि परत, या फेरीत जवळपास वीस लाटा मावतात. काळ १ टक्क्याने बदलला तर तरंगलांबी सुमारे १.४ टक्क्यांनी बदलते आणि फेरीच्या शेवटी कला पाव लाटेहून जास्त सरकते. गती बदलणाऱ्या इन्व्हर्टरवर चालणाऱ्या साध्या इंडक्शन मोटरची घसर, म्हणजे ठरलेल्या गतीपेक्षा ती मागे पडण्याचं प्रमाण, भाराप्रमाणे १-२ टक्के सहज बदलते. पॅनेलवर आकडा तोच दिसतो, पॅडलचा खरा काळ मात्र बदललेला असतो. पॅनेलवर विसंबू नका. प्रोबच्या नोंदीत वीस लाटांचा एकूण वेळ मोजून वीसने भागा आणि तो काळ वहीत लिहा. इन्व्हर्टरमध्ये घसर-भरपाईची सोय असेल तर ती सुरू करा. क्रँकच्या शाफ्टवर एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, बसवता आला तर फारच उत्तम.

सर्वो पॅडल, म्हणजे दिलेल्या आज्ञेप्रमाणे हवं तसं हलणारं पॅडल, असेल तर सक्रिय शोषण वापरता येतं. येणारी लाट ओळखून पॅडल तिला जागा करून देतं. मिलग्रॅम यांनी १९७० मध्ये हे करून दाखवलं आणि एडिंबरा विद्यापीठात स्टीफन सॉल्टर यांनी पॅडलवरचं बळ मोजून ते रोजच्या वापरात आणलं. क्रँकवाल्या पॅडलला ही सोय नसते. तिथे दोन मार्ग उरतात. एक, शुद्ध लाटांच्या खिडकीतच मोजमाप उरकणं. दुसरा, पॅडलच्या पुढे काही थरांची उभी सच्छिद्र जाळी उभारणं. निघणारी लाट जाळीतून एकदाच जाते, परतलेली मात्र दोनदा. जाळी लाट ०.८ पट करत असेल तर पुन्हा पुढे येणारा भाग ०.६४ पटच उरतो. त्याच्या मोबदल्यात स्ट्रोक २५ टक्के वाढवावा लागतो.

खिडकीतच लाट डुलते तेव्हा

मोटर बंद करून पॅडल हाताने पुढेमागे ढकला. क्रँकपिन किंवा दांड्याच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये १ मिमी ढिलाई असेल तर ४८ मिमी स्ट्रोकवर तो २ टक्क्यांचा फरक आहे. शिवाय दिशा बदलताना बसणाऱ्या धक्क्याने पाण्यावर बारीक तरंग उठतात. डायल गेज लावून ढिलाई मोजा, नुसत्या हाताच्या अंदाजावर सोडू नका.

क्रँक आणि कनेक्टिंग रॉडची हालचाल शुद्ध साइन नसते. तिच्यात दुप्पट वारंवारतेचा भाग असतो आणि त्याचं प्रमाण त्रिज्या भागिले रॉडच्या लांबीची चौपट. रॉड त्रिज्येच्या दहापट असेल तर हे २.५ टक्के. थोडं वाटतं, पण ०.६ सेकंदाच्या लाटेला पॅडलचं गुणोत्तर १.२४ नसून जवळजवळ २ आहे, म्हणून पाण्यात तो भाग ४ टक्के होऊन दिसतो. रॉड त्रिज्येच्या किमान २५ पट ठेवावा.

शुद्ध साइन दिली तरी उथळ पाण्यात एक अडचण उरते. उंच लाटेचं शिखर टोकदार आणि खळगा पसरट असायला हवा, पण साइनने हलणारं पॅडल तसं पाणी ढकलत नाही. त्या फरकातून दुप्पट वारंवारतेची एक मोकळी लाट सुटते आणि ती मुख्य लाटेपेक्षा हळू चालते. २५ सेंमी पाण्यात २ सेकंदांची लाट घ्या. मुख्य लाट सेकंदाला १.५ मीटरने जाते, ही मोकळी लाट १.३ मीटरने. खळग्यात एक छोटं दुय्यम शिखर दिसतं, पुढे नाहीसं होतं आणि सुमारे १० मीटरनंतर पुन्हा उगवतं. लोक याला परावर्तन समजून उतार बदलत बसतात. ओळखायची खूण अशी: परावर्तनात उंची पाव तरंगलांबीच्या अंतराने बदलते, इथे आकार कितीतरी लांब अंतराने बदलतो आणि उतारावरून काही परतण्याआधीच बदलतो. मॅडसन यांनी १९७१ मध्ये पॅडलच्या हालचालीत दुप्पट वारंवारतेचा नेमका भाग मिळवून ही लाट मारण्याची रीत दिली. सर्वो असेल तर ती वापरा, क्रँक असेल तर उंची कमी करा किंवा पाणी वाढवा.

आडव्या लाटा डोळ्यांनीच दिसतात. पाणी एका काचेवर चढलेलं, दुसऱ्या काचेवर उतरलेलं. ६० सेंमी रुंदी आणि ४० सेंमी पाण्याला पहिली आडवी डुचमळ ०.८९ सेकंदाची असते. ती दोन वाटांनी जागी होते. पॅडल तिरकं असेल तर काळ ०.८९ च्या जवळ आल्यावर. आणि पॅडल अगदी काटकोनात असलं तरी काळ त्याच्या निम्मा, म्हणजे ०.४४-०.४५ सेकंद असेल आणि स्ट्रोक पुरेसा मोठा असेल तेव्हा. दुसऱ्या प्रकारात आडवी लाट पॅडलच्या दोन फेऱ्यांत एकदा डुलते, हीच तिची खूण. पहिल्यावर उपाय म्हणजे पॅडलच्या दोन्ही कडा आणि काचा यांतलं अंतर टोकाटोकाला मोजून चौकट सरळ करणं. दुसऱ्यावर काळ बदलणं किंवा स्ट्रोक घटवणं. पॅडलजवळ लांबीच्या दिशेने उभ्या पातळ पत्र्याच्या फळ्या घातल्या तर रुंदी तुकड्यांत वाटली जाते आणि ही डुचमळ त्या काळाला उठतच नाही.

स्थिर, पण कमी

प्रोब ठीक आहे, लाट स्थिर आहे, तरी उंची सूत्रापेक्षा १० टक्क्यांहून कमी? पॅडलच्या खालची आणि बाजूची फट पाहा. दाबाने पाणी पुढून मागे निसटतं. पॅडलच्या कडेजवळ थेंबभर रंग सोडला की गळतीची जागा लगेच दिसते. मऊ रबराची ओठासारखी वाकलेली पट्टी काचेला हलकी टेकेल अशी लावा. फार दाबली तर पॅडल अडखळत चालतं आणि उंचीत नवीच थरथर येते.

पॅडलच्या मागेही पाणी असतं हे विसरलं जातं. पॅडल आणि मागची भिंत यांतलं अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे ९७ सेंमीच्या आसपास असेल तर मागचं पाणी जोरात डुचमळतं, मोटरवरचा भार झोके खातो आणि काळ स्थिर राहत नाही. तिथे जाळीच्या गुंडाळ्या भरा.

दोन चाचण्यांमधला वेळ

वरून पाणी शांत दिसतं तेव्हाही फ्ल्यूममध्ये टोकापासून टोकापर्यंत एक संथ झोका चालू असतो. आपल्या फ्ल्यूममध्ये त्याचा काळ सुमारे १९ सेकंद. तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरचाच असतो म्हणून डोळ्यांना दिसत नाही, पण नोंदीची मधली रेषा वरखाली सरकवतो. पॅडल एकदम पूर्ण स्ट्रोकने सुरू केलं की तो जास्त उठतो, म्हणून सर्वोवर पहिल्या ४-५ लाटांत स्ट्रोक हळूहळू चढवा. पुढची चाचणी सुरू करण्याआधी प्रोबची नोंद पूर्ण एक मिनिट चालू ठेवून पाहा. त्या मिनिटात पातळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हलत असेल तर अजून थांबा. पहिल्यांदा सुरू करताना घाई केलेल्या चाचणीची तुलना दहा मिनिटं थांबून केलेल्या चाचणीशी करू नका.